भुरक्याच्या मानेचं माप

मी जन्माची तापट. माझं काम कोणी नावाजलं नाही की मी ते तिथंच मोडून टाकायची. सोनारकाकांच्या वर्गात पहिल्या रविवारी केलेला हारही मी असाच मोडला. काकांनी अडवलं नाही. "मोड," म्हणाले, "पण तार सरळ करून ठेवजो. तारेनं काय केलं तुह्यं?"

तेव्हा भिलाईत एकीकडे भट्ट्या पेटल्या होत्या आणि दुसरीकडे बांधकाम चालूच होतं. आमच्या सेक्टरात रस्ते सरळ, झाडं काठीएवढी, आणि क्वार्टरांच्या भिंतींना अजून चुन्याचा वास. माझे बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. कारखान्यात ते खलाशी होते. पाण्यावरचे नव्हेत, अवजड यंत्रं दोर-साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणारे. गाव सोडलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते आणि ही गोष्ट घडली तेव्हा अकरा. घरी आम्ही बोलायचो ती बोली लिहायला बसलं की शाळेच्या धाकानं पळून जाते, राग आला की परत येते. मध्येच एखादं 'मले-तुले' आलं तर चालवून घ्या.

सोनारकाका आमच्याच लायनीत, शेवटच्या क्वार्टरात, धाकट्या भावाकडे राहायला आले होते. भाऊ कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क. काकांचं तुमसरला दुकान होतं. मग सरकारनं सोन्यावर कायदा आणला, पहिल्यासारखे दागिने घडवायची सोय राहिली नाही, आणि काकांच्या हातचं काम गेलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन आले आणि पंधरा दिवस ओट्यावर नुसते बसून राहिले. एकदा आम्ही पोट्टे समोर खेळत होतो, एकीच्या कानातली बाळी तुटली आणि तिनं भोकाड पसरलं. काकांनी पेटीतून चिमटा काढला, फुंकणीनं दिव्याची ज्योत बाळीवर मारली आणि ती सांधून दिली. पुढच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर आम्ही आठ जण होतो.

सोनं कोण देतंय? जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गुंजा, सीताफळाच्या बिया. आणि वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे. तुकडा दिव्यावर धरायचा, मऊ झाला की वाकवून दुसऱ्यात अडकवायचा, अशी काचेची साखळी व्हायची. आमच्यात एक बंगाली मुलगी होती, दोघं भाऊ मद्रासकडचे, त्यामुळे काकांना हिंदी बोलावं लागायचं. "ये तार का टोक अंदर दाबो, नहीं तो गले में रुतेगा," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसून लोळायचो. त्या बंगाली मुलीनं 'रुतेगा' हा शब्द आयुष्यभर वापरला असणार.

काकांनी आम्हाला कधी नमुना दिला नाही. काय करू विचारलं की ते उलट विचारायचे, "कोणासाठी?" मग सुताची दोरी द्यायचे. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या मानेभोवती, मनगटाभोवती ती धरायची, गाठ मारायची आणि आणून दाखवायची. गाठ पाहिल्याशिवाय तार हातात मिळत नसे. "आधी माणूस पाहून या," म्हणायचे, "मंग डागिना तुमाले आपोआप सुचते." आणि खरंच सुचायचं. मद्रासी भावांपैकी धाकट्यानं आपल्या आजीच्या वाकलेल्या मानेसाठी इतका हलका हार केला, नुसत्या बियांचा, की काकांनी तो दोनदा तळहातावर तोलून पाहिला.

मी मात्र पहिल्याच रविवारी लबाडी केली. हार आईसाठी होता, पण घरी जायचा कंटाळा म्हणून दोरी माझ्याच मानेवर मापली. काकांनी गाठ पाहून तार दिली आणि हार पुरा झाल्यावर विचारलं, "तुह्या आईची मान कोंबडीची आहे का?" म्हणून मी तो मोडला. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी चप्पल फेकली असती. पण कान सोनारानंच टोचावे म्हणतात ते काही खोटं नाही. मी तार सरळ केली आणि घरी जाऊन आईची मान मापली.

श्रावण सरत आला तसे काका म्हणाले की यंदा तान्हा पोळा करू. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडाचे बैल सजवून न्यायचे, मोठी माणसं हातावर खाऊ ठेवतात. जवळच्या रुआबांधा गावातल्या एका सुताराकडून काकांनी बैल करवून आणले. रशियाहून यंत्रं ज्या मोठाल्या खोक्यांतून यायची, त्यांचीच भंगारातली फळकुटं होती ती. एकाच्या पोटावर काळं रशियन अक्षर अर्धं राहिलं होतं. प्रत्येकाला एक बैल. मी दोन मागितले.

"दोन कावून?" काकांनी विचारलं.

"एकट्याले कोण जुंपते?" मी म्हटलं.

काकांना ते आवडलं. दोन दिले. मग नेहमीचा प्रश्न आला, "कोणाचे बैल आहेत?"

"आमचे. तांबडा अन् भुरका."

"मंग त्यायचं माप आन."

इथं माझं घोडं अडलं. आमच्या घरी बैलांचं नाव काढायची सोय नव्हती. गाव सोडताना बाबांनी ती जोडी विकली होती. घेणाऱ्याच्या गोठ्यात त्यांनी स्वतः नेऊन बांधली, आणि आई सांगायची, परत आले ते तीन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर एकाही पोळ्याला बाबा घरी नव्हते. कोणाशी तरी पाळी बदलून घ्यायचे आणि सकाळी जाऊन लागून दुसरीही पाळी करून यायचे. आई पुरणपोळी करायची, आम्ही दोघी खायचो, त्यांची झाकून ठेवलेली पोळी तशीच राहायची. मला पोळा आवडायचा आणि पोळ्याच्या दिवसाचा रागही यायचा. यंदा बाबांनी घरी असावं, एवढंच मला हवं होतं. हार-बीर नंतर.

तरी विचारलं. जेवताना विचारलं, हीच चूक. "बाबा, भुरक्याची मान केवढी होती?"

बाबांचा घास हातातच राहिला. "लाकडाले कायचं माप?" म्हणाले, हात धुतला आणि सायकल काढून निघून गेले. आई माझ्यावर ओरडली नाही, ते जास्त लागलं. नुसती म्हणाली, "पोळ्याले पाच दिवस हायेत. दुसरी पाळी त्यायनं कवाचीच बदलून ठेवली असन."

मी रडले आणि मग चिडले. नका सांगू, म्हटलं. मी माझ्या मनानं करते. काकांना खोटंच सांगितलं की माप मिळालं, आणि दोन्ही बैलांच्या लाकडी मानेवर दोरी धरून गाठी मारल्या. काकांनी गाठी पाहिल्या. दोन्ही सारख्याच होत्या. तरी तार दिली. तीन दुपारी मी ओट्यावर बसून राहिले. एकाला गेरू चोळून तांबडा केला, दुसऱ्याला राख चोळून भुरका. तांबड्याला हिरव्या काचेची साखळी, भुरक्याला लाल. कपाळावर गुंजांची बाशिंगं. चांदीच्या कागदाच्या गोळ्या घुंगरं म्हणून तारेत ओवल्या. वाजत नव्हत्या, पण चमकायच्या. त्या तीन दुपारी मला भूकही लागली नाही, हे खरं सांगते. हाताला काम सापडलं की माझा राग कुठं जातो, मला आजवर कळलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती जोडी आमच्या ओट्यावर मांडली. बांबूच्या काडीचं जू केलं, दोघांच्या खांद्यावर ठेवलं. बाबा पहिली पाळी संपवून आले. सायकल भिंतीला लावली, बूट काढायला वाकले आणि वाकलेलेच थांबले. मी दाराआड होते. म्हटलं, आता लाथाडतात की काय.

बाबांनी जू उचललं. डावीकडचा बैल उचलून उजवीकडे ठेवला, उजवीकडचा डावीकडे. जू परत ठेवलं आणि आत जाऊन हातपाय धुऊ लागले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाहेर आले ते ओलेच. "कोणी जुंपली अशी?"

"मी."

"तांबडा जल्माचा उजवीकडं चालला. डावीकडं जुंपला तं पाय उचलत नव्हता थो. नांगर तिथंच राह्यला असता तुहा." मग ते ओट्यावर बसले. भुरक्याला हातात घेतलं, त्याची लाल साखळी बोटानं सरकवून पाहिली. "अन् हे काय केलं? भुरक्याची मान एवढीशी होती का? जाड होती त्याची मान. तांबड्याच्या दीडपट."

"तुमी सांगतलं कुठं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, सगळं एकदमच. "मी विचारलं तं उठून गेले. मले काय सपन पडते का?"

आई आतून म्हणाली, "पोरी, हळू." बाबा उठले. आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले ते हातात एक काळपट दोरी घेऊन. तिला दोन गाठी होत्या. दर पोळ्याला ते बैलांसाठी नवी घुंगरमाळ करवायचे, तिच्या मापाची दोरी. पहिली गाठ तांबड्याची, दुसरी भुरक्याची. गाव सोडताना आईची दोन पातेली मागं राहिली होती. दोरी मात्र बरोबर आली होती.

"चाल," बाबा म्हणाले, "तुह्या सोनाराकडं."

बाबा त्या ओट्यावर पहिल्यांदाच गेले. काकांनी सतरंजी झटकून दिली. दोरी हातात घेऊन त्यांनी दोन्ही गाठींवर अंगठा फिरवला, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता खरं माप आनलं तू." ती तीनदा दुमडली, तेव्हा पहिली गाठ लाकडी तांबड्याच्या मानेवर बरोबर बसली. भुरक्याचं माप तेवढंच दुमडलं तर मोठं व्हायचं. मी म्हटलं, भुरक्याचं थोडं जास्त दुमडू. काका म्हणाले, "नाही. दोघाले एकच न्याव." शेवटी बाबांनीच मार्ग काढला. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी आणून त्यांनी लाकडी भुरक्याच्या मानेला गुंडाळली, दाबून पाहिली, अजून एक वेढा दिला. काका दोरी धरून सांगत होते, अजून, अजून, बस. मी साखळी उकलली आणि आणखी सात कड्या घातल्या. बाबांनी दिवा धरला. ज्या हातांनी ते भलीमोठी यंत्रं उचलायचे, त्या हातांना दिवा कुठं धरावा ते उमगत नव्हतं, आणि काका त्यांना "थोडं वर, थोडं खाली" असं मला सांगतात तसंच सांगत होते. मला हसू आलं. बाबांनी पाहिलं, पण रागावले नाहीत.

दिवस मावळायच्या सुमारास बाबा मैदानापलीकडून पळसाची पानं तोडून घेऊन आले. आईकडे वाटीत कोमट तूप मागितलं. गावाकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जू वाहून ते दुखलेले असतात म्हणून. बाबा ओट्यावर मांडी घालून बसले. पळसाचं पान तुपात बुडवून त्यांनी आधी तांबड्याचे खांदे चोळले, मग भुरक्याचे. भुरक्याच्या पोटावरच्या रशियन अक्षरावर तुपाचा ओघळ आला. मग दोघांच्या कानांशी वाकून, गावाकडे म्हणत तसं, ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आई दारात उभी होती. वाटी परत घ्यायला आली होती, पण तिनं हात पुढं केला नाही. इतक्या पोळ्यांचं तिच्या पोटात साठलेलं होतं.

"बैलायले आवतन झालं," ती म्हणाली. "अन् तुमाले? तुमी बी या उद्या जेवाले."

बाबांनी पानाला लागलेलं तूप वाटीच्या काठावर निपटलं. उठले, सायकलीला हात घातला. आईचं तोंड उतरलं.

"ज्याच्यासंग पाळी बदलली थ्याले नाही म्हणून येतो," बाबा म्हणाले. "उद्या मी घरीच हावो."

ते गेले आणि आईनं हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली. दोघींपुरती काढून ठेवलेली होती. तिनं डब्यातून अजून दोन मुठी घातल्या.