अण्णासाहेबांच्या घराखालचं पाणी

"भराव टाकायचा न्हाय म्हंजे काय, म्याडम?"

अण्णासाहेब माझ्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून विचारत होते. कुरुंदवाडला त्यांचं खतांचं दुकान. जुनं घर पुरानं खाल्लेलं. नवीन बांधण्याआधी मुरूम टाकून सगळा प्लॉट पुरुषभर उचलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांना सांगितलं, भराव टाकला की पाण्याची जागा अडते आणि ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं. पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, पूर पुन्हा येणारच. त्यापेक्षा स्टिल्टवर, म्हणजे नुसत्या खांबांवर घर उभं करू. पाणी खालून जाऊ दे.

"हवामान काय मी बिघडवलंय? माझ्या एकट्याच्या मुरमानं कृष्णा फुगणार हाय व्हय?"

"सगळे हेच म्हणतात, अण्णा. कुणीतरी आधी थांबायला पाहिजे."

त्यांनी घरी आईला विचारलं. आपल्यामुळं दुसऱ्याच्या चुलीत पाणी नको, असं आई म्हणाल्या. घर खांबांवर झालं. मी कौतुकानं इतर क्लायंटना त्याचे फोटो दाखवायची. त्यांच्या गल्लीतल्या दोघांकडं मी स्वतः जाऊन बोललेही. चहा झाला, माना हलल्या. मग त्या दोघांसकट गल्लीतल्या एकेकानं भराव टाकला.

पूर आला तेव्हा अण्णांच्या घरात थेंब शिरला नाही. म्हणून घरातलं कुणी हललंच नाही. पूर्वी पाणी मागच्या ओढ्याला उतरायचं. आता चारी बाजूंनी भराव. नदी ओसरली, गल्ली कोरडी झाली, अण्णांच्या प्लॉटचं मात्र तळं झालं. पंप लावावा तर पाणी शेजाऱ्याच्या दारात. त्यावरून भांडणं झाली. कुजलेल्या पाण्यावर डास घोंगावू लागले. आईंना ताप भरला. कमरेएवढ्या पाण्यातनं त्यांना खाटेवर बाहेर काढलं, कोल्हापूरला आणलं. त्या वाचल्या नाहीत.

काही महिन्यांनी अण्णासाहेब ऑफिसात आले. मला वाटलं, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "खांब तसंच ठेवून मधी मुरूम भरला तर चालंल न्हवं?"

चालतं. मी तसं सांगितलं. मुरूम थराथरानं कसा दाबायचा, तेही सांगितलं.

उठताना ते म्हणाले, "तुमचं खरं हुतं, म्याडम. पण ते आपल्या दोघांचंच हुतं."

सगळ्यांनी उचललेल्या गल्लीत एकाचा प्लॉट खाली राहिला, की त्याचा खड्डा होतो. अजूनही क्लायंटनं भराव मागितला की मी स्टिल्टच सुचवते. फक्त आधी विचारते, गल्लीत तुमच्याबरोबर आणखी कोण थांबणार आहे? अजून कुणी एकही नाव सांगितलेलं नाही.