ह्यांच्यासाठी थांबणारं पान

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचा संसार इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये झाला. तिथल्या पाण्याच्या टाकीमागे एक बाई उभी दिसते, असं सगळी लाइन सांगायची. मी रोज तिथंच राख टाकायला जायची. मला कोणी दिसलं नाही. चौथी शिकलेली बाई आहे मी. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणणार नाही — आणि हे दिसलं.

आमचे हे फॅक्टरीत फिटर होते. रिटायर झाल्यावर जवळच रांझीला घर बांधलं. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर ह्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेले की नुसता आवाज निघायचा. दवाखान्यातल्या स्पीचच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, नंतर फार आशा ठेवू नका. म्हणून रोज सराव. चित्राचं कार्ड दाखवायचं, ह्यांनी शब्द म्हणायचा. पण मला कुठला धीर... ह्यांचे ओठ हलायच्या आधी मीच "पाणी" म्हणून मोकळी व्हायची. मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "अम्मा, मरीज आप हैं कि वो?"

आमची मुलगी वर्षा रिछाईतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. वेबसाइट वगैरे. तिनं बाबांसाठी लॅपटॉपवर एक पान बनवलं. काळ्या पडद्यावर आधी 'पा' यायचा, जरा थांबून 'णी'. मग पुढचा शब्द — चहा, भूक, नको, बस. प्रत्येक अक्षराला तिनं वेळ ठरवून दिली होती. मशीन तुझ्यासारखी घाई करणार नाही म्हणे. चलो, बरं झालं.

सकाळचा चहा झाला की लॅपटॉप स्टुलावर, हे खुर्चीत, आणि मी बाजूला भाजी निवडत. सुरुवातीला पान पुढे पळायचं, हे मागे राहायचे. मग एके दिवशी 'पा' आला आणि तिथंच राहिला. मला वाटलं बंद पडलं. इकडे ह्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या... बऱ्याच वेळानं तोंडातून "पा" निघाला. आणि लगेच पडद्यावर 'णी' आला.

योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हे धडपडत असले की पान थांबायचं, गप्प बसले की आपल्या वेळेनं जायचं. मी मुद्दाम एकटी समोर बसून बघितलं. ओठ हलवले, मोठ्यानं ओरडले. माझ्यासाठी नाही थांबलं.

वर्षा म्हणाली नेट स्लो असेल. रविवारी नेट बंद करून ती बाबांजवळ बसली. एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा पडद्याकडे. मग आत जे काही लिहिलेलं असतं ते उघडून पुन्हा पुन्हा तपासलं. तिचा चेहरा उतरला. मराठी तिला समजतं सगळं, पण घाबरली की आधी हिंदीच येते.

"आई, इसमें सुनने वाला कुछ है ही नहीं. माइक भी बंद है. काहून थांबून राहिलं हे?"

"थांबून राहिलं ना? मग हात नको लावू," मी म्हटलं.

संक्रांतीपर्यंत हे "पाणी" म्हणायला लागले. चहाला "चा". मी म्हटलं, आता बोलून घ्या, जन्मभर मला बोलू दिलं नाही तरी ऐकते. हे अर्ध्या तोंडानं हसले. मॅडमही खूश होत्या. हे बोलणार असं मी धरूनच चालले.

मग ती सकाळ. वेगळं काहीच नव्हतं. ताप नाही, झोप नीट झालेली, चहा पूर्ण प्यायलेले. 'पा' आला. ह्यांचे ओठ हलले, शिरा ताठ झाल्या, रोजच्यासारख्याच. आणि 'णी' येऊन गेला. मग चहा गेला, भूक गेली, नको गेलं... ह्यांचा "पा" अजून तोंडातच. 'बस' येऊन पान संपलं. हे रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या आधी ह्यांना कळलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या दिवसापासून आलेलं "पाणी"ही गेलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, नवीन काही निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, कधीकधी होतं असं. वर्षानं रडत रडत वेळ वाढवली, एकेका अक्षराला पूर्ण एक मिनिट. अक्षर मिनिटभर उभं राहायचं. पण ते घड्याळाचं उभं राहणं होतं, तो फरक आम्हा तिघांनाही कळत होता. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ओठ हलवलेच नाहीत.

पान थांबायचं, यावर लोक मला कारणं सांगतात. मशीन बिघडलं असेल, अम्मा, तुम्हाला भास झाला असेल. मी वाद घालत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आदल्या दिवशी जितकी धडपड होती तितकीच त्या सकाळी होती, मी हातभर अंतरावर बसले होते. मग आता थांबून उपयोग नाही, हे कोणी ठरवलं? आणि इतकं बरोबर कसं ठरवलं? कारण त्यानंतर आजपर्यंत एक शब्द आलेला नाही, आणि येईल असं आता मलाही वाटत नाही.

त्या सकाळी पडद्यावरून नजर काढून हे माझ्याकडे बघत होते, तेव्हा ह्यांना काहीतरी ठाऊक होतं, एवढं मी खात्रीनं सांगते. पण ते सांगायला वाचा लागते.