सेनापतीला दहापैकी किती

त्या वर्षी मी प्रेमात इतकी येडी झाले होते की लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावतानाही गाणी म्हणायचे आणि शेजारची सहकारीण कानात बोळे घालायची. आम्ही दोघं परदेशात, वॉलॉंगॉंगला शिकायला आलो आणि कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळवून तिथंच राहिलो. मी वसईची ख्रिस्ती, तो पुण्याचा, सदाशिव पेठेतला. माझ्या घरी फारशी कुरकुर झाली नाही. त्याची आईही फोनवर केव्हाच 'हो' म्हणून मोकळी झाली होती. उरले त्याचे बाबा. ते तीन महिन्यांसाठी लेकाकडे राहायला आले होते आणि त्यांच्या मनात काय आहे याचा कुणालाच पत्ता लागत नव्हता.

कारण लग्नाचा विषय निघाला रे निघाला की काका, म्हणजे त्याचे बाबा, दुसऱ्या महायुद्धात शिरायचे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांना त्या युद्धाचं वेड लागलं होतं. भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा: तो जर्मन हुकूमशहा माणूस म्हणून शून्य, त्यावर चर्चाच नको, पण सेनापती म्हणून दहापैकी किती? नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही विचारून झालं होतं. तो बिचारा 'टफ वन, मेट' म्हणून पाना शोधायला लागला. मला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. प्लंबरला प्रश्न आणि मला नुसतं 'चहा घेणार का?' माझं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

एका रविवारी आम्ही तिघं बंदरावर फिश अँड चिप्स खायला निघालो. काका पुढे चालत होते.

"आज विचारतील बहुतेक," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तू सहा म्हण. बाबांचं उत्तर सहा आहे. प्लीज, आर्ग्यू नको करूस."

"मला सहा वाटत नाहीत."

"तुला कशाला काही वाटायला हवंय?"

या वाक्यावर मी एरवी आठवडाभर अबोला धरला असता. पण वारा छान सुटला होता आणि त्याचे केस उभे राहिले होते, त्यामुळे मला हसूच फुटलं. शिवाय महिनाभर लंच ब्रेकमध्ये मी त्या युद्धाबद्दल जे मिळेल ते वाचत होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दीपगृहाजवळच्या जुन्या तोफा बघून काकांची कळी खुलली. बाकावर बसल्यावर त्यांच्या चिप्स मासे तळलेल्या तेलात तळल्या नाहीत ना, याची चौकशी झाली. मग त्यांनी कागद पसरला आणि चिप्सच्या तीन रांगा मांडल्या. ही उत्तरेची फौज, ही मधली, ही दक्षिणेची. आणि अचानक माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. दहापैकी किती?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! जणू कुणी ओटीच भरली.

"दोन," मी म्हणाले.

टोमॅटो सॉसची पुडी फोडत असलेल्या त्याच्या हातून सॉस उडाला.

"दोन?" काका सरसावून बसले. "अगं, फ्रान्स सहा आठवड्यांत पाडला त्याने!"

"बेत त्याच्या एका सेनापतीचा होता, काका. यानं उचलून धरला, त्याचे ते दोन. पुढे मॉस्कोसमोर थंडीत सैन्य गारठलं तेव्हा यानं हुकूम काढला, एक पाऊल मागे घ्यायचं नाही. त्या वेळी कसंबसं निभावलं. आमच्या लॅबमध्ये एकदा आलेल्या रिझल्टवर आम्ही विश्वास ठेवत नाही, पुन्हा तपासतो. यानं त्या एका रिझल्टचा कायदाच केला. मग व्होल्गाकाठी अख्खी फौज वेढ्यात सापडली, तरी निघायची परवानगी नाही."

"अगं, पण धीर नको का सेनापतीला?" काका तावातावाने म्हणाले. तेवढ्यात एक सीगल बाकाच्या पाठीवर येऊन बसला. मागोमाग आणखी चार.

"काका, दक्षिणेची फौज मागे घ्या."

"घाबरायचं नसतं अशांना. जागचं हलायचं नाही."

"काका, कागद उचला!"

"मी म्हणतो ना, काही होत नाही."

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. दक्षिणेची फौज गेली. मधली गेली. उत्तरेच्या फौजेतली एक चिप काकांनी मुठीत पकडून ठेवली होती. तीही एका धीट पक्ष्याने बोटांतून उपटून नेली. त्यांच्या टोपीवर पंखांची फडफड, त्याच्या शर्टावर सॉस, आणि मी पोट धरून बाकावर आडवी. काका आधी कागदाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"घे तुझे दोन," ते म्हणाले. मग चष्मा पुसत एकदम गंभीर झाले. "मी महिनाभर असाच अडून बसलोय, असं म्हणायचंय ना तुला?"

"हो काका." आता मागे हटण्यात अर्थ नव्हता.

"धर्माचं नाही गं ते. म्हणजे थोडं आहे, खोटं कशाला बोलू? पण खरी भीती वेगळीच आहे. तुमच्याकडे कार्य असेल, सगळे उठतील, बसतील, गातील. मी कोपऱ्यात उभा. मुलगा माझा आणि मीच तिथे परका."

हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. "पप्पा अगदी हेच म्हणाले," मी म्हणाले. "मंत्र चालू असतील आणि मी चपला कुठे काढायच्या ते शोधत असेन, म्हणाले. ते हो म्हणाले, पण त्या रात्री जेवले नाहीत."

काकांनी रिकामा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याने सॉसची पुडी अजून हातात धरली होती.

"वसईत आता किती वाजले?"

"सकाळच. चर्चमधली मिस्सा आटपून घरी आले असतील."

"लाव फोन."

मी लावला. पप्पांचा 'हॅलो' ऐकू येताच काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, उभे राहिले आणि टोपी काढली.

"नमस्कार. मी मुलाचा बाप बोलतोय. तुम्हाला मंत्र कळत नाहीत, मला तुमची प्रार्थना कळत नाही. दोन्हीकडे आपण शेजारी शेजारी बसू."