दौलतरावांची वाकडी साखळी

दौलतराव मोजणी खात्यात साखळी ओढायचे. पिंपरीच्या माळावर कारखाने येऊ लागले तेव्हा तिथल्या कितीतरी जमिनी त्यांच्या साखळीखालून गेल्या. शिक्षण चौथी, ऐट मामलेदाराची. मोजताना वाटेत विहीर येवो की बाभळीचं बन, हा गडी सरळच जाणार. साखळीला झोळ पडला तर स्वतःच्या पटक्याला डाग पडल्यासारखे तळमळायचे.

आमची वस्ती मारुंजीच्या शिवेवर. शाळा पलीकडच्या गावात, म्हणून पोरी घरीच. त्यांच्यात दौलतरावांची नात मंजुळाही. शाळेसाठी मी अर्ज केले, कचेरीत आवाज चढवला. शेवटी साहेबांनी नकाशा उघडला, दोन ठिकाणांवर फूटपट्टी ठेवली.

"दीड मैलाच्या आत शाळा आहे. दुसरी मिळणार नाही."

"पोरी फूटपट्टीवरनं चालत नाहीत, साहेब."

"मग जागेवर मोजून आणा. दौलतराव तुमच्याच वस्तीतले ना?"

दौलतराव खूश. भाचा भैरूला घेऊन निघाले, मोजलं, परस्पर कचेरीत सांगूनही आले. मी त्यांच्या घरी वाट बघत बसलो होतो. आल्या आल्या मिशीला पीळ देत म्हणाले, "साहेबांचा नकाशा चोख हाय. दीड मैलाला थोडं कमीच भरलं."

भैरू माझ्या कानाशी लागला, "मामांनी वाट सोडली. ओढ्यातनं, बाभळीतनं सरळ नेली साखळी."

माझं डोकं फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांची बायको, शालनबाई, भाकरी थापता थापता बोलल्या, "मंजुळीनं काट्यातनं जायचं व्हय? का पंख लावताय तिला?"

"मोजणी अशीच असती. साखळी वाकवायची नसती."

"शेताची असंल. ही वाट हाय. जाती तशी मोजा की."

दौलतराव ताटावरून उठले. त्यांची मोजणी आजवर कुणी फिरवली नव्हती. आता ती त्यांनीच फिरवायची, तीही साहेबांपुढं.

सकाळी मात्र साखळी खांद्यावर होती. दुसरं टोक शालनबाईंच्या हातात, कारण भैरूचा त्यांना भरवसा नव्हता. गाडीवाटेच्या प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या.

"हितं वळा."

"कळतंय मला."

"काल कुठं कळलं?"

मी मागनं गप्प चालत होतो. मी गप्प होतो यावर वस्तीत अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

कचेरीत दौलतरावांनी पटका सारखा केला. "साहेब, कालची मोजणी चुकली. माझीच. दीड मैलाच्या बरंच वर जातंय."

"साखळी वाकवलीत? तुम्ही?"

"व्हय. वाटच वाकडी हाय."

साहेब हसले आणि त्यांनी अर्जावर ‘शाळा मंजूर’ असा शेरा मारला.

शाळा मारुतीच्या ओसरीवर भरली, दौलतरावांच्या दाराला लागूनच. आता घंटा झाली की मगच मंजुळा वेणी घालायला बसते, आणि दौलतराव ओसरीवर जाऊन मास्तरांना सांगतात, "येतीय, येतीय. जवळच तर हाय."