चार्ज घेतल्याची सही

दादा, त्या दिवशी मिरज स्टेशनवर तू दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतास आणि मी उगाच तुझ्यावर खेकसत होते, तेवढं तुला आठवत असेल. २०११ साल. दोन बॅगा, खांद्याला लॅपटॉप, सिंगापूरची नोकरी हातात, मुंबईची गाडी फलाटाला लागलेली आणि आईचा पत्ता नाही. गार्डानं शिट्टी मारली तेव्हा ती जिना उतरताना दिसली. हॉस्पिटलातनं तशीच आलेली, पांढऱ्या साडीत, काखेत माझ्या कागदांची फाइल. धाप लागलेली, तरी पहिलं वाक्य काय, तर "तीन-तीन झेरॉक्स घातल्यात, बघून घे." उशीर का केलास म्हटलं, तर पुढच्या पाळीची सिस्टर वेळेवर आली नव्हती. "चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा असतो होय?" एवढं बोलेपर्यंत गाडी हललीसुद्धा. बाबा आपल्या लहानपणीच गेलेले, मी देश सोडून निघालेली, आणि हिला रजिस्टरातली ती सही मोठी. हा राग मी पुढे सात वर्षं जपला. तुला कधी बोलले नाही, आज लिहितेय.

तुला लिहितेय, पण इथल्या, सिंगापुरातल्या आपल्या मंडळींनीही वाचावं असं वाटतं. बुकित पंजांगच्या, बुओना व्हिस्टाच्या, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईबापांची तब्येत बघणाऱ्या सगळ्यांनी.

इथं माझं काम काय, ते तू दरवेळी विचारतोस आणि मी दरवेळी "सेफ्टी" म्हणून गप्प होते. आज नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सकाळी कंपनीची बस मला जुरोंग आयलंडवर, रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर नेते. गेटवर पास दाखवायचा, फोन लॉकरमध्ये ठेवायचा, आणि संध्याकाळपर्यंत जगाला मी नाही. आईला काही झालं तर मला सगळ्यांत शेवटी कळणार, हे त्या लॉकरची किल्ली फिरवताना रोज मनात येतं. आत माझं काम परमिटचं. कुठल्याही टाकीत माणूस उतरायच्या आधी परमिट लागतं. आतली हवा तपासलीय का, कुठले पाइप बंद केलेत, बाहेर कोण उभा आहे. हे सगळं जागेवर जाऊन, डोळ्यांनी बघून मग सही. टेबलावर बसून सही करायची नाही, हा पहिला नियम.

तो मी एकदा मोडला. २०१६ मध्ये. जेवायची वेळ होती, सुपरवायझर घाईत होता, कागद कालच्यासारखाच दिसत होता. त्यानं कालच्या कामात पेनानं एक ओळ वाढवली होती, शेजारची टाकीपण. एकच ओळ. मी खुर्चीतनंच सही केली. त्या शेजारच्या टाकीत उतरलेला माणूस चक्कर येऊन पडला. बाहेरच्यांनी दोरानं ओढून काढला म्हणून वाचला. दोन दिवसांनी तो माझ्यासमोर येऊन उलट मलाच "सॉरी मॅडम" म्हणाला. त्याचं नाव मला पाठ आहे. तेव्हापासून वाढवलेली ओळ दिसली की मी आधी उठून जागेवर जाते.

आता आईचं. रिटायर झाली आणि वर्षाभरात तिला कंपवात निघाला. ज्या हातानं अख्ख्या वॉर्डाला इंजेक्शनं दिली, त्या हातातनं चहाची बशी वाजायला लागली. तुम्हाला वाटत होतं ती धीरानं घेतेय. घेत होतीच, पण आतून ती कसला तरी हिशेब मांडत होती. शेजारच्या मगदूमकाकूंनी सल्लेखना घेतली, जैनांच्या रीतीनं अन्नपाणी सोडलं, तेव्हा आई त्यांच्या उशाशी रोज जाऊन बसायची, आठवतं? सगळी गल्ली दर्शनाला आली होती. त्यानंतरच्या रविवारी मला फोनवर म्हणाली, "तिच्या धर्मानं तिच्यासाठी एक दार ठेवलंय. माझ्यासाठी कुणी ठेवलंय?" मी म्हटलं, आई, गोळ्या घेतल्यास का. असंच टाळलं.

२०१८ साली कोर्टाचा निकाल आला, की माणसाला आधीच लिहून ठेवता येईल, बरं होण्याची आशा नसताना मला यंत्रांवर ठेवू नका म्हणून. दोन साक्षीदार, वर मॅजिस्ट्रेट. आई म्हणाली, "मरायलासुद्धा तीन झेरॉक्स." आणि आठ दिवसांत तिनं कागद लिहून मला फोटो पाठवला. अक्षर थरथरलेलं, पण समास सोडून, ओळीखाली ओळ. पहिला परिच्छेद कायद्याप्रमाणे. व्हेंटिलेटर नको, छाती दाबायची नाही, निर्णय मुलीनं घ्यावा. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. खाली तिनं एक ओळ वाढवली होती. "मला माझी माणसं ओळखू येईनाशी झाली, तर मरणाची वाट बघत न ठेवता औषध देऊन मला मोकळं करावं. इथं चालत नसेल तर जिथं चालतं त्या देशात न्यावं." खाली माझं नाव, आणि सहीसाठी रेघ.

दादा, तुझं नाव त्यात नव्हतं. का, म्हणून मी विचारलं. ती सरळ म्हणाली, "तो रोज माझं तोंड बघतो. त्याला जमायचं नाही. तू लांब आहेस, तुला जमेल."

हे ऐकून मी जी अस्वस्थ झाले ती आजतागायत. लांब राहणाऱ्या पोरीचा उपयोग हा? पैसे पाठवणं, तिचा इथं यायचा पास काढणं, विमानतळावर व्हीलचेअर सांगणं, आणि हे? चीड आली. त्याहून वाईट म्हणजे क्षणभर वाटलं, तिचं बरोबर आहे. मला जमेलही. तिचं पाय गोठून मोरीच्या दारात अडकणं मी बघितलेलंच नाही, नुसतं ऐकलेलं. ऐकलेल्या माणसाबद्दल निर्णय घेणं सोपं असतं, हे मला त्या टाकीनं शिकवलं होतं.

मग दर रविवारी आमचा वाद. मी म्हणायची, आई, आज हे औषध मरायला टेकलेल्यांना, उद्या न टेकलेल्यांना, परवा नकोशा झालेल्यांना. एकेक ओळ वाढत जाते आणि खाली कुणीतरी न बघता सही करतं. तिनं टाकीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्या बिचाऱ्याला उतरायचंय का म्हणून विचारलं होतंत? इथं मी स्वतः सांगतेय. फरक आहे ना गं?" फरक होता. मी म्हटलं, पण ती वेळ येईल तेव्हा सांगणारी तू नसशील, दुसरीच कुणी असेल, आणि तिला जगायचं असलं तर? ती चिडली. "ती दुसरी माझ्याच साडीत बसलेली असणार ना? मग मालकी माझी." पस्तीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईशी वाद घालायचा म्हणजे आपलंच तोंड दुखतं.

बुओना व्हिस्टाला एका मित्राच्या कॉन्डोत आम्ही सगळे जेवायला जमलो होतो, तिथं मी हा विषय काढला. माझी आई म्हणून नव्हे, कुणाची तरी म्हणून. एक पोस्टडॉक करणारा मुलगा म्हणाला, ज्याचं शरीर त्याचा हक्क, यात चर्चा कसली. एकजण म्हणाला, एकदा दार उघडलं की म्हातारी माणसं मुलांना त्रास नको म्हणूनच त्यातनं जातील, आपल्याकडच्या आया तर पहिल्या. मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच डोकं फिरत होतं. मग कुणीतरी पुरणपोळ्या गरम करून आणल्या आणि विषय शाळेच्या ॲडमिशनवर गेला. परतताना MRT मध्ये, मेट्रोत बघितलं तर आमच्यातले तिघे आपापल्या आईला मेसेज करत होते.

शेवटी मी आईला सांगितलं, लांबून सही करणार नाही. आधी येऊन बघणार. बिनपगारी रजा घेतली आणि सहा आठवडे मिरजेत आले. तुला वाटलं मी वहिनीला जरा उसंत द्यायला आले. तेही होतंच. तू दुकानात आणि वहिनी शाळेत गेली की घरात आम्ही दोघीच.

मी बघितलं, दादा. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून ती मला ओरडायची. अंघोळ घालताना म्हणायची, "सिस्टरला अंघोळ घालणं सोपं नसतं, कानामागं राहिलं बघ." एका सकाळी ती मोरीच्या उंबऱ्याशी गोठली. पाय उचलेना. वीस मिनिटं. साडी ओली झाली आणि ती रडली, आवाज न करता, माझ्याकडे न बघता. त्या वीस मिनिटांत कागद समोर असता तर मी डोळे झाकून सही केली असती, हे तुला खरं सांगते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिनं भडंग मागितला. एकेक दाणा उचलून तोंडात टाकत होती, दोन सांडत होती, एक आत जात होता, आणि मी मोजतेय हे लक्षात आल्यावर खो-खो हसली. यातली कुठली आई खरी धरायची? मला अजून कळलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं कपाटातनं कागद काढला. "बघून झालं ना तुझं? मग सांग आता." मी म्हटलं, आण, करते सही. पेन उघडलं आणि रडूच फुटलं. असं रडले की रेघ दिसेना. ती म्हणाली, "रडत रडत परमिट देतात होय तुमच्याकडं?" आणि माझ्या हातातनं पेन घेतलं. थरथरत्या हातानं खालच्या ओळीखालचं माझं नाव खोडलं, वरच्या परिच्छेदातलं 'मुलीनं' तेवढं ठेवलं. "तूपण आता दादासारखीच झालीस. तुला नाही जमायचं." एवढं बोलून तिनं चहा मागितला.

मी सुटले असं वाटायला हवं होतं. उलट तिचा विश्वासघात केल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतं. तिनं शहाणपणानं, शुद्धीत, एक गोष्ट मागितली होती, आणि मागायला लायक एकच माणूस होतं. मी जवळ जाऊन तेही घालवलं. त्या ओळीखाली आता कुणाचंच नाव नाही.

हे २०१८ मधलं. या वर्षी ताप येऊन गेल्यापासून तिचं काय झालंय ते तू रोज बघतोसच. नावं निसटली, मग चेहरे. माझी लेक रेवा मध्यंतरी कॉलवरून उठून मला म्हणाली, "आजी टुडे व्हेरी ब्लर, लाह." इथली पोरं गोंधळलेल्याला असं म्हणतात. मी तिच्यावर ओरडले, मग तिला जवळ घेतलं. म्हणजे कागदावरची ती खालची ओळ आता लागू झालीय. तो कागद मी मुकाट्यानं इथं घेऊन आले होते, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये, पासपोर्टांच्याच फाइलमध्ये आहे. वरचा परिच्छेद आपण पाळायचा, हे तुला आजच सांगून ठेवते. खालचा तुला माहीत असावा, म्हणून हे पत्र.

आणि आणखी एक सांगायचंय. गेल्या रविवारी तू फोन तिच्यासमोर टेकवून दार उघडायला गेलास, तेवढ्या वेळातलं. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "कुठल्या वॉर्डातनं आलात, सिस्टर?"

मी म्हटलं, नवीन आहे.

तिचा चेहरा एकदम कामाचा झाला. इतकी हुशार, इतकी खुशीत मी तिला दोन वर्षांत बघितली नव्हती. "बरं झालं वेळेवर आलात. माझी मुलगी आज परदेशी निघालीय, गाडी चुकायला नको. हे बघा, चार नंबरच्या आजी कुरकुर करतात. औषधाची गरज नसते त्यांना. नुसतं शेजारी बसायचं. पाणी चमच्यानं. घाई करायची नाही." मग तिनं समोरचं वर्तमानपत्र ओढलं, त्यावर बोट ठेवलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. "करा सही. सहीशिवाय मला जाता यायचं नाही."

दादा, मी लांबून सही न करणारी बाई. रेवाची वही ओढली, मागच्या पानावर माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली वेळ घातली आणि फोनपुढे धरलं. तिनं चष्मा वर करून वाचलं. नाव वाचून काहीच ओळख पटली नाही.

"घेतलात ना चार्ज?" तिनं विचारलं.

घेतला, म्हटलं.

तिनं मान डोलावली, पदर नीट केला आणि स्टेशनवर यायला निघाली. खुर्चीतनं उठायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात तू आलास आणि तिला धरलंस.

जानेवारीत मी येतेय. यावेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही.