फॉर्ममध्ये मैत्रीण नव्हती

पितृपक्ष सुरू आहे, आणि आमच्या उज्जैनात परवा भलतीच गंमत झाली. माझे काका राम घाटावर पूजा सांगतात. त्यांच्या तर्पण-बुकिंगची वेबसाइट मी सांभाळते… पगार म्हणजे काकूच्या हातची खीर!

परवा नानाखेड्याच्या शोभामावशींचा फोन आला. रिटायर्ड टीचर, आता एकट्याच असतात. "बेटा, तुझ्या फॉर्मात नात्याच्या जागी मैत्रीण येतच नाहीये गं. वसुधाला पाणी द्यायचंय."

वसुधाताई त्यांच्यासोबतच राहायच्या. दोघींनी लग्न केलं नाही, एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. गेल्या वर्षी वसुधाताई गेल्या, आणि त्यांचं करणारं दुसरं कुणीच नाही.

मी म्हटलं, 'बहीण' टाका ना. तर मावशी अडूनच बसल्या. "नको गं. तिला पाणी सोडायचं आणि नातं खोटं सांगायचं?"

काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, तर्पणात मित्र, आप्त, सगळ्यांना पाणी असतं. डाल दे ना!"

काम ते काय… नात्यांच्या अ‍ॅरेत, म्हणजे कोडमधल्या यादीत, एक नवी की, म्हणजे नोंदीची खूण, आणि एक व्हॅल्यू, म्हणजे फॉर्मात दिसणारा शब्द. वेबसाइटची भाषा पीएचपी, ती म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ. सेव्ह केलं आणि चहा टाकायला गेले.

चहाला उकळी यायच्या आत काकांचा फोन. "अगं बाई, आई-बाप, आजी-आजोबा गेले कुठे? फॉर्मात एकटी मैत्रीण उरलीये! लोग पूछ रहे हैं!"

घाईत मी जुन्या अ‍ॅरेत भर घालायच्या ऐवजी त्याच नावाचा नवा अ‍ॅरे लिहून बसले होते. ऐन पितृपक्षात सगळे पितर गायब… हसावं की रडावं!

मग जुना अ‍ॅरे परत आणला. त्याच्या नावापुढे चौकोनी कंसात नवी की, बरोबरचं चिन्ह, आणि व्हॅल्यू. बस, एवढंच. सगळे जागच्या जागी, शेवटी मैत्रीण.

आज सकाळी मावशींसोबत मीही घाटावर गेले. काकांनी विचारलं, "नातं?"

"मैत्रीण," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं. पाणी सोडून झाल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात विचारलं होतं, तुम्ही यांच्या कोण? आत सोडावं म्हणून तेव्हा बहीण सांगितलं होतं गं…"

बरं झालं बाई, मावशी हट्टाला पेटल्या… नाहीतर वसुधाताईंना घाटावरही बहीण म्हणूनच पाणी मिळालं असतं.