सही वैशालीची, कामही वैशालीचंच

वैशालीला जाऊन आज वर्ष झालं. तिला धमकावणारा माणूस मात्र आमच्या पूर्णा गावात रोज भेटतो आणि हसून नमस्कार करतो.

कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. दोघी सिव्हिल इंजिनिअर, दोघी बेरोजगार.

लहान सरकारी कामं आमच्यासारख्यांसाठी राखीव असतात. चिठ्ठ्या टाकून वाटतात. तिला सोनपेठकडच्या एका झेडपी शाळेतल्या मुलींच्या टॉयलेटचं काम लागलं.

पेढे वाटून होतायत तोवर एक मोठा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, तिच्या घरी हजर. राखीव काम त्याला स्वतःच्या नावावर घेता येत नव्हतं. म्हणून तिचं नाव हवं होतं.

"ताई, तुमी फक्त सही करा. बाकी आमी बघतो."

तिचे बाबा म्हणाले, घरबसल्या कमिशन मिळायलंय तर घे की, सगळेच असं करतात.

तिनं सही केली नाही.

जाताना तो बाबांना एवढंच म्हणाला, पोरीला एकटीला साईटवर पाठवू नका.

त्या दिवसापासून मी तिच्यासोबत जायला लागले.

भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब टाकायच्या सकाळी काँक्रीटचा मिक्सर आलाच नाही. मालक फोनवर म्हणाला, "ताई, मला हितंच धंदा करायचाय. माफ करा."

तेवढ्यात गुत्तेदाराची गाडी शाळेच्या गेटात.

काच खाली करून शांतपणे म्हणाला, अजून वेळ हाय. सही करा, मिक्सर लगेच येतो.

मिस्त्री, मजूर सगळे सावलीला जाऊन बसले.

वैशालीनं ओढणी कमरेला बांधली आणि फावडं उचललं.

"हातानं कालवू."

कुणी हललं नाही. सगळे गाडीकडं बघत होते. उद्या त्यांना त्याच्याकडंच काम मागायला जायचं होतं.

मग रफिकमिस्त्री उठले. त्यांनी सिमेंटची पहिली गोणी फोडली.

एकेक जण उठला.

गाडी बराच वेळ तिथंच उभी होती. कधी गेली, कळलं नाही. आम्ही घमेली उचलत होतो.

संध्याकाळपर्यंत स्लॅब टाकून झाला. दुसऱ्या दिवसापासून तिचे बाबा एसटीनं येऊन त्याच्यावर पाणी मारायला लागले.

वैशालीचं ते एकच काम. पुढच्या चिठ्ठीआधीच डेंग्यूनं तिला नेलं.

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. तिला छोट्या पुलाचं काम लागलंय. तिच्या घरी बाहेरच्या खोलीत सही मागायला माणसं येऊन बसली होती. ती अगदी हळू आवाजात विचारत होती, "मॅडम, काम खरंच स्वतः करता येतं का?"

म्हटलं, येतं. आमच्या वैशालीनं केलंय.

वैशू, लय आठवण येते गं. तुला मनापासून श्रद्धांजली.